सिनेमा वन : चोवीस तासांची भूक आणि तीस वर्षे

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, पहिली सभा कोणाच्या माडीवर भरली, पहिली देणगी कोणाची, इथून सुरुवात करण्याचा आपल्याकडे रिवाज आहे. मनिलाच्या सिनेमा वन या वाहिनीबाबत तो पाळता येत नाही. ती कोणा ध्येयवेड्याच्या दिवाणखान्यात जन्मली नाही. केबलवाल्याला दरमहा पैसे मोजायचे, तर अँटेनावर फुकट दिसत नाही असे काहीतरी घरात यायला हवे, या सरळ व्यापारी हिशेबातून ती १९९४ मध्ये निघाली. नावही हिशेबाला साजेसे होते, पिनॉय ब्लॉकबस्टर चॅनल. फिलिपिनो लोक स्वतःला लाडाने पिनॉय म्हणतात. म्हणजे आपल्या माणसांचे, आपल्या भाषेतले, गल्ला गाजवलेले सिनेमे, तेही दिवसरात्र. मराठीत झी टॉकीज आली २००७ मध्ये. त्याच्या तेरा वर्षे आधीची ही गोष्ट.

वाहिनीमागे लोपेझ घराण्याचा एबीएस-सीबीएन हा उद्योगसमूह होता. या घराण्याकडे त्या वेळी सगळीच साधने हाताशी होती. देशभर पोचणारे दूरचित्रवाणी केंद्र होते, १९९३ मध्ये काढलेली स्टार सिनेमा ही चित्रनिर्मिती कंपनी होती, आणि घरोघर तारा ओढणारी स्काय केबल होती. सिनेमा काढणारा, दाखवणारा आणि पोचवणारा एकच. यातली मक्तेदारीची बाजू मनिलातल्या टीकाकारांनी वेळोवेळी दाखवून दिली आहे आणि ती खोटी नाही.

पण ही तार घरोघर पोचली कशी, हे सांगितल्याशिवाय पुढची कथा कळणार नाही. सप्टेंबर १९७२ मध्ये फर्डिनंड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि एबीएस-सीबीएनची केंद्रे ताब्यात घेतली. समूहाचे प्रमुख युजेनिओ लोपेझ ज्युनियर तुरुंगात गेले आणि पाच वर्षांनी, १९७७ मध्ये, तिथून निसटून अमेरिकेला पोचले. केबल दूरचित्रवाणीचा एकाधिकार मार्कोस यांनी १९७८ च्या एका हुकूमनाम्याने एकाच कंपनीला देऊन टाकला. १९८६ च्या जनआंदोलनाने मार्कोस गेले, लोपेझ परतले, केंद्र पुन्हा सुरू झाले. पुढच्याच वर्षी कोराझोन आकिनो यांनी २०५ क्रमांकाचा अध्यादेश काढून तो एकाधिकार मोडला. आकाशातून लहरी सोडणाऱ्या केंद्राला संसदेची सनद लागते. तारेवरून कार्यक्रम पोचवणाऱ्याला दूरसंचार आयोगाचा परवाना पुरतो, अशी विभागणी त्यातून रूढ झाली. कायद्याच्या पुस्तकातला हा रुक्ष तपशील तेहतीस वर्षांनी या वाहिनीच्या कामी आला. तो प्रसंग पुढे येईल.

आरंभीची वर्षे फारशी सांगण्यासारखी नाहीत. फर्नांडो पो ज्युनियरची मारधाड, डॉल्फीची विनोदी सोंगे, ढसाढसा रडवणारे कौटुंबिक सिनेमे, आणि मग पुन्हा तेच. प्रेक्षक खूश होता. गृहिणी दुपारी लावून ठेवत, खाणावळीत रात्री उशिरापर्यंत चालू असे. असल्या वाहिनीला अभिजनांनी नाक मुरडणे ठरलेलेच. माझे मत वेगळे आहे. लोकांना तोंडपाठ झालेला सिनेमा पुन्हा पुन्हा दाखवणारी वाहिनी त्या समाजाची स्मरणशक्ती राखते, भले तिचा हेतू जाहिराती विकण्याचा का असेना.

अडचण वेगळीच होती. दोन तासांचा एक सिनेमा धरला तर चोवीस तासांना बारा लागतात, वर्षाला चार हजारांच्या वर जागा भरायच्या. जात्याच्या मुखी दाणे पडत राहिले नाहीत तर पाळ्या नुसत्याच एकमेकींवर घासतात. सिनेमा वनचा पुढचा इतिहास, त्यातले जे जे अभिमानाने मिरवण्यासारखे आहे ते सगळे, या भुकेपोटी घडले असे माझे वाचन आहे. दाणे आणायचे कुठून?

पहिला मार्ग जुन्या सिनेमांचा. फिलिपिन्सचा पहिला कथाचित्रपट ‘दालागांग बुकिद’, होसे नेपोमुसेनो यांनी १९१९ मध्ये केला. आज त्याची एक चौकटही शिल्लक नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ मध्ये, मनिला बेचिराख झाली आणि युद्धापूर्वीचा सिनेमा तिच्याबरोबर गेला. आज हाती आहेत ते बोटांवर मोजण्याइतके. पन्नाशीच्या दशकात एलव्हीएन, सांपागिता, प्रीमियर आणि लेब्रान या चार मोठ्या स्टुडिओंनी खंडीभर सिनेमे काढले. पण उष्ण, दमट हवेत ॲसिटेटच्या फिती आंबतात, डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो, आणि त्यानंतर करण्यासारखे फार थोडे उरते. ते जपण्यासाठी सरकारी व्यवस्था उभी राहिली ती मार्कोस राजवटीत, आणि तिच्याबरोबरच कोलमडली. तिचे घर ठरायचे ते मनिला फिल्म सेंटर घाईघाईने बांधताना नोव्हेंबर १९८१ मध्ये पाड कोसळून मजूर गाडले गेले. त्या इमारतीचे नाव आजही लोक दबक्या आवाजात घेतात. १९८६ नंतर संग्रहालयाला वाली उरला नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुन्हा नव्याने स्थापन व्हायला २०११ साल उजाडले. आपल्या पुण्यातले संग्रहालय १९६४ चे, आणि तरीही ‘आलम आरा’ आपल्याला वाचवता आला नाही. तेव्हा तिथे काय काय गेले असेल याचा अंदाज करावा.

दुसरा मार्ग नव्या सिनेमांचा. तोही आटत चालला होता. नव्वदीच्या दशकात वर्षाला दीडशेच्या वर सिनेमे काढणारा हा उद्योग पुढच्या दशकात त्याच्या निम्म्याखाली आला. तिकिटावर तीस टक्क्यांपर्यंत करमणूक कर होता, तो दहा टक्क्यांवर उतरला २००९ मध्ये. १९९७ च्या आशियाई मंदीने निर्मात्यांचे कंबरडे मोडले होते. फुटपाथवर चोरट्या व्हीसीडी-डीव्हीडींचे ढीग लागले होते, आणि मॉलमधल्या पडद्यांवर हॉलिवूड बसले होते. रीगल फिल्म्सने यावर एक अजब तोड काढली. सात दिवस तयारी, सात दिवस शूटिंग, सात दिवस संकलन वगैरे. म्हणून त्यांचे नाव ‘पितो-पितो’, सात-सात. या कारखान्यातून बराच कचरा निघाला, आणि लाव दियाझही निघाला. पुढे आठ-आठ, दहा-दहा तासांचे सिनेमे करणारा हा माणूस १९९८ मध्ये इथे पहिला सिनेमा करून गेला, याची मला नेहमी गंमत वाटते.

वाहिनीने २००१ मध्ये सिनेमा वन हे नाव घेतले. कारभार क्रिएटिव्ह प्रोग्रॅम्स या उपकंपनीकडे होता. संगीताची मिक्स आणि लाइफस्टाइल या वाहिन्या तिच्याच. सिनेमा वनची सूत्रे पुढे रोनाल्ड आर्गेलेस यांच्याकडे आली. संस्थेच्या इतिहासात एखाद्या व्यक्तीला जागा द्यायची तर ती यांना. हक्क विकत घेऊन घेऊन भांडार भरत नाही, तर आपणच सिनेमे का काढू नयेत, हा विचार २००५ मध्ये ‘सिनेमा वन ओरिजिनल्स’च्या रूपाने उभा राहिला. तेव्हा डिजिटल कॅमेरे हाताच्या अंतरावर आले होते. फितीचा आणि लॅबचा खर्च वाचला की एका व्यापारी सिनेमाच्या प्रसिद्धीखर्चात अनेक छोटे सिनेमे होऊ शकत होते. पटकथा मागवायच्या, निवडलेल्यांना मोजका निधी द्यायचा, ठरलेल्या मुदतीत सिनेमा घ्यायचा, मॉलमधल्या थिएटरांत महोत्सव भरवून दाखवायचा आणि मग वाहिनीवर आणायचा. पुरस्कार-समारंभ वगैरे ओघाने आलेच.

त्याच वर्षी, सरकारी सांस्कृतिक केंद्राच्या आधाराने, सिनेमालाया महोत्सवही सुरू झाला. तिथे निवडलेल्या दिग्दर्शकाला पाच लाख पेसोंचे बीजभांडवल मिळे, उरलेले त्याने जमवायचे. सिनेमा वनचा व्यवहार रोखठोक होता: निर्माते आम्ही, तेव्हा सिनेमा आमचा. दिग्दर्शकाला उसनवारी करावी लागत नसे, पण उद्या सिनेमा चालला तर त्यातले त्याच्या वाट्याला काय, हा प्रश्न उरे. माझ्या दृष्टीने हा सौदा पूर्णपणे न्याय्य नव्हता. तरीही पंचविशीतल्या, घरचे पाठबळ नसलेल्या मुलामुलींना तोच परवडला, हे नाकारता येत नाही.

आणि मग जे होईल असे व्यापारी डोक्याला वाटले नसते, ते झाले. ‘ब्लॉकबस्टर’ या नावाने जन्मलेली, मनिलाची टागालोग बोलणारी वाहिनी देशभरच्या भाषा बोलू लागली. फिलिपिन्समध्ये शंभराहून अधिक भाषा आहेत. पडद्यावर मात्र टागालोगचे राज्य. २००७ चा ‘कन्फेशनल’ सेबूतला. लग्नाचे व्हिडिओ काढणारा एक तरुण सिनुलोगच्या जत्रेवर माहितीपट करायला सेबूला जातो आणि तिथे एक माजी राजकारणी कॅमेऱ्यासमोर आपली पापे ओकू लागतो, अशी त्याची गोष्ट. रुएल दाहिस आंतिपुएस्तो यांच्याबरोबर तो करणारे जेरोल्ड तारोग पुढे ‘हेनेराल लुना’ या २०१५ च्या ऐतिहासिक चित्रपटाने देशभर गाजले. २००८ चा ‘यांगाव’ हिलिगायनॉन भाषेतला. रिचर्ड सोम्स यांनी त्यात आस्वांग या रक्तमांस खाणाऱ्या प्राण्याची लोककथा घेतली आहे. आजारी मुलगी घरी परतते, रात्री ती आस्वांग होते, आणि बाप तिची पापे परसात पुरत राहतो. भुताचा सिनेमा म्हणून बसलेला प्रेक्षक शेवटाकडे बापाच्या बाजूने धडपडू लागतो. रोनी लाझारो यांनी तो बाप असा काही उभा केला आहे. त्याच वर्षी दावावच्या शेराद सांचेझने ‘इंबुर्नाल’ केला. गटाराच्या मोऱ्यांत वाढणाऱ्या पोरांचा, साडेतीन तासांच्या आसपास लांबलेला, कथा सांगायला ठाम नकार देणारा. असला सिनेमा कुठल्या केबल वाहिनीने पैसे घालून केला असता? पुढे क्रिस्तियान कोर्देरो बिकोल भाषेत ‘आंगुस्तिया’ करतात, कीथ देलिगेरो सेबुआनोत ‘इस्कालावाग्स’ करतात, पीटरसन वार्गास आपल्या पांपांगा प्रांतात पिनातुबोच्या ज्वालामुखीनंतरच्या धुळीत वाढलेल्या मुलांची गोष्ट, ‘टू कूल टू बी फरगॉटन’, सांगतात आणि २०१६ चे सर्वोत्कृष्ट चित्राचे पारितोषिक नेतात.

कार्ल जोसेफ पापा यांचा ‘मानांग बिरिंग’ हा मला या सगळ्यांत जवळचा. २०१५ चा, काळापांढरा, खऱ्या नटांवर चौकट-चौकट रेखाटून केलेला सचेतपट. कर्करोगाने शेवटाला आलेली म्हातारी औषध नको म्हणून बसलेली. इतक्यात दुरावलेल्या मुलीचे पत्र येते, नाताळात येते म्हणून. आता तिला तोवर जगायचे आहे. तेवढीच गोष्ट. रेषेतल्या म्हातारीच्या सुरकुत्या इतक्या अस्वस्थ हलतात की मायाळूपणाला चिकटपणा येत नाही. त्याच पापा यांचा नंतरचा ‘इती मापुकपुकाव’ २०२३ मध्ये देशातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला.

शिरीन सेनो यांचा ‘नर्व्हस ट्रान्सलेशन’ २०१७ चा. पुढच्या वर्षी रॉटरडॅमला त्याला नेटपॅकचा पुरस्कार मिळाला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटची, आठ वर्षांची, बुजरी मुलगी. बाप सौदी अरबस्तानात. तो पत्राऐवजी कॅसेटवर बोलून पाठवतो. आई कामावर गेली की मुलगी त्या कॅसेटी चोरून ऐकते. कोकणात आणि गोव्यात आखाती पैशावर उभी राहिलेली घरे ज्यांनी आतून पाहिली आहेत त्यांना या मुलीची ओळख करून द्यायची गरज नाही. फिलिपिन्समध्ये तर परदेशी राबणाऱ्यांच्या पैशावर देशाचा गाडा चालतो. सिनेमा वनने परदेशातल्या फिलिपिनोंसाठी ‘ग्लोबल’ आवृत्ती चालवली ती याच हिशेबाने. आखातातली परिचारिका आणि जहाजावरचा खलाशी हे ग्राहक मनिलाच्या ग्राहकापेक्षा जास्त मोजणारे होते.

गल्ल्याच्या भाषेत सांगायचे तर ओरिजिनल्सचे सोने एकदाच लागले. २०१४ च्या महोत्सवातला आंतोनेत हादाओने यांचा ‘दॅट थिंग कॉल्ड तादहाना’. प्रेमभंग झालेली एक बाई रोमच्या विमानतळावर जादा सामान घेऊन अडली आहे. एक अनोळखी तरुण तिचे काही सामान आपल्या वजनात घेतो. पुढे दोघे बागियो आणि सागादाच्या डोंगरांत भटकतात आणि बोलतात. बोलतात, एवढेच. फेब्रुवारी २०१५ मध्ये स्टार सिनेमाने तो सर्वत्र लावला आणि १३ कोटी पेसोंच्या वर गल्ला झाला. त्या आधी एकाही स्वतंत्र सिनेमाने एवढे कमावले नव्हते. सागादाच्या किल्तेपान शिखरावर पहाटे ढगांचा समुद्र बघायला झुंडी लोटल्या आणि तिथल्या लोकांना त्या आवरेनात. यशाचा दुसरा परिणाम मला कमी आवडला: यानंतर प्रेमकथांचे प्रस्ताव जरा जास्तच आले. पण निवड सगळी तिकडे झुकली नाही. २०१८ मध्ये रॉड सिंग यांच्या ‘मामू, अँड अ मदर टू’मध्ये भाचीला वाढवणारी, देहविक्रय करणारी प्रौढ तृतीयपंथी स्त्री होती, आणि ती साकारणाऱ्या इयाह मिना यांना महोत्सवाने अभिनेत्रीचे पारितोषिक दिले. असा मान मिळालेल्या त्या देशातल्या पहिल्या तृतीयपंथी स्त्री.

जुन्या सिनेमांचा मार्ग या काळात पुन्हा उघडला तो समूहाच्या दुसऱ्या विभागाने. २०११ मध्ये एबीएस-सीबीएनने चित्रपट वाचवण्याचे काम हाती घेतले. ‘सागिप पेलिकुला’ या नावाने ते ओळखले जाते. लिओ कातिगबाक यांनी ते वर्षानुवर्षे नेटाने चालवले. पहिला मान इश्माएल बेर्नाल यांच्या १९८२ च्या ‘हिमाला’ला. रिकी ली यांची पटकथा, नोरा आउनोर यांची एल्सा. तहानलेल्या गावात एका मुलीला मेरीमातेचे दर्शन झाल्याची आवई उठते आणि गाव त्या चमत्कारावर दुकान थाटते. हा सिनेमा काढला होता मार्कोसकालीन सरकारी संस्थेनेच. राजवटीच्या पैशाने राजवटीच्या भक्तिभावावर बोट ठेवले गेले. दुरुस्त झालेली प्रत २०१२ मध्ये व्हेनिसला दाखवली गेली. पाठोपाठ पेके गायागा यांचा ‘ओरो, प्लाता, माता’, एडी रोमेरो यांचा ‘गानितो कामी नोओन’, आणि अशी यादी दोनशेच्या वर गेली. फिती धुणे, स्कॅन करणे, एकेका चौकटीवरचे ओरखडे आणि बुरशी काढणे, उडालेले रंग छायालेखकाला विचारून परत आणणे. हे काम महागडे आणि बिनगाजावाजाचे. हे सिनेमे थिएटरांत थोडे दिवस लागत, सिनेमा वनवर मात्र पुन्हा पुन्हा येत. कोठारातल्या चार हजार जागांतल्या काही तरी चांगल्या मालाने भरू लागल्या.

आता तो कायद्याचा तपशील. एबीएस-सीबीएनला १९९५ मध्ये मिळालेली पंचवीस वर्षांची सनद ४ मे २०२० रोजी संपली. राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांचा या समूहावर उघड राग होता. दुसऱ्या दिवशी दूरसंचार आयोगाने प्रक्षेपण थांबवण्याचा आदेश दिला आणि महासाथीच्या टाळेबंदीत, घराघरांत लोक कोंडलेले असताना, देशातले सर्वांत मोठे केंद्र काळे पडले. १० जुलैला प्रतिनिधिगृहाच्या समितीने सत्तर विरुद्ध अकरा मतांनी नव्या सनदेला नकार दिला. हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. सिनेमा वन मात्र चालू राहिली. ती हवेतून जात नव्हती, तारेतून जात होती. आकिनो यांच्या १९८७ च्या अध्यादेशाने पाडलेल्या विभागणीत ती परवान्याच्या बाजूला होती. मार्कोस यांनी तारेचा मक्ता एकाला दिला होता, म्हणून तो मोडायला अध्यादेश लागला, आणि त्या अध्यादेशाच्या आडोशाला ही वाहिनी वाचली.

वाचली, पण पैशाचा झरा आटलेल्या घरात. २०१९ चा पंधरावा ओरिजिनल्स महोत्सव शेवटचा ठरला. गियांकार्लो आब्राहान यांचा ‘सिला-सिला’ आणि होसे एनरिके तिग्लाव यांचा ‘मेटामॉर्फोसिस’ ही त्या वर्षाची खरी मिळकत. पुढच्या वर्षीपासून पटकथा मागवणेच थांबले. केबलचा धंदाही सगळीकडे ओसरतो आहे. स्काय केबल पीएलडीटी या दूरध्वनी कंपनीला पावणेसात अब्ज पेसोंना विकण्याचे २०२३ मध्ये ठरले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो व्यवहार मोडला. त्याच वर्षी वाहिनीला तीस वर्षे झाली.

आज सिनेमा वन बहुतांशी जुन्या गल्लाभरू सिनेमांवर चालते, म्हणजे जिथून निघाली तिथल्याच मालावर. तिच्या पैशातून घडलेले दिग्दर्शक इतरत्र कामे करत आहेत. पंधरा वर्षांत निघालेल्या त्या सिनेमांचे हक्क कंपनीकडेच आहेत आणि त्यांतले कितीतरी आज पाहायचे म्हटले तर सापडत नाहीत. डिजिटल फाइलला व्हिनेगरचा वास सुटत नाही, पण हार्डडिस्क बंद पडते आणि ती वाचणारे यंत्र बाजारातून जाते. ‘यांगाव’ किंवा ‘इंबुर्नाल’ ज्या कॅमेऱ्यांवर घेतले गेले त्या पद्धतीच्या टेप आता वीस वर्षांच्या होत आल्या आहेत. ‘हिमाला’ दुरुस्त करायला घेतला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता.